बोंबील : नामोत्पत्ती

हार्पाडॉन नेहेरियस हे शास्त्रीय नाव असलेल्या खाद्य माशाचे मराठी नाव. इंग्रजीतील ‘बमलो’ हा शब्द याच नावावरून आला आहे. इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर याने १६७३ मध्ये मुंबईतील माझगावच्या वर्णनात ‘बम्बेलो’ अशी त्याची नोंद करून तो गरिबांचे अन्न असल्याचे म्हटले आहे. ‘बॉम्बे डक’ हे इंग्रजी नाव डाकगाडीतून नेल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलांच्या वासावरून पडले, अशी लोकप्रिय समजूत आहे. तथापि मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, तर ते नाव निदान १८५० पासून इंग्रजी लेखनात आढळते. त्यामुळे ही व्युत्पत्ती कालदृष्ट्या ग्राह्य ठरत नाही. बोंबील हे नाव मात्र लोहमार्गापूर्वी किमान १८० वर्षे प्रचारात होते.