स्पॉकचं बालपण कोणी लिहिलं?

मालिका बघणाऱ्यांना एक खोड असते. पडद्यावरचा माणूस जरा अबोल, तुसडा किंवा विक्षिप्त वागला की लगेच त्याच्या लहानपणाची चौकशी सुरू होते. याला घरी मार पडत असेल का? शाळेत चिडवत असतील का? लेखकाने त्यातलं अक्षरही लिहिलेलं नसतं, पण प्रेक्षक लिहून मोकळे होतात. बऱ्याच जणांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी आज मी स्पॉकची गोष्ट घेतली आहे.

स्पॉक म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधला टोकदार कानांचा अधिकारी. ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १९६९मध्ये ७९ भागांनंतर बंद पडली. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांनी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली असेल. स्पॉकचे वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची. व्हल्कन लोक भावना दाबून निव्वळ तर्काने जगतात. म्हणजे हा मुलगा जन्मतःच दोन घरचा पाहुणा.

पहिल्या वर्षी मालिकेने त्याच्या घराबद्दल फार थोडं सांगितलं. एका भागात एका रोगाच्या भरात त्याचा तोल सुटतो आणि तो रडतो; आईला कधी प्रेमाचा शब्द बोलता आलं नाही, ही त्याची खंत. दुसऱ्या एका भागात कळतं की आई शिक्षिका होती आणि वडील राजदूत. एवढ्या भांडवलावर चाहते कामाला लागले. सप्टेंबर १९६७मध्ये न्यूयॉर्कमधून ‘स्पॉकनेलिया’ नावाचं नियतकालिक निघालं. केवळ ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं चाहत्यांचं हे पहिलं नियतकालिक. डेव्हरा लँगसम आणि शर्ना कॉमरफर्ड या दोघी त्याच्या संपादिका. घरी टाइप करायचं, सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर प्रती काढायच्या, पिना मारायच्या आणि टपालाने पाठवायच्या. आपल्याकडच्या हौशी अनियतकालिकांची आठवण यावी असाच मामला. व्हल्कन लोकांची भाषा कशी असेल, मन कसं चालत असेल, घरं कशी असतील, यावर त्यात गंभीरपणे लेख यायचे. लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण अवकाशयानांच्या कथा पुरुषांसाठी असतात असं तेव्हा सर्रास मानलं जाई, आणि या बायका यानाचं इंजिन सोडून त्या माणसाच्या आईबद्दल विचारत होत्या.

मालिकेच्या आतही एक बाई तोच प्रश्न घेऊन बसली होती. डोरोथी फोंटाना. नावावरून बाई आहे हे कळू नये म्हणून ती ‘डी. सी. फोंटाना’ अशी सही करायची. तिने लिहिलेला एक भाग १७ नोव्हेंबर १९६७ रोजी दाखवला गेला आणि त्यात स्पॉकचे आईवडील, अमांडा आणि सारेक, पहिल्यांदा समोर आले. बाप-लेक अठरा वर्षं बाप-लेकासारखे बोललेले नाहीत. त्यात अमांडा मुलाला एक जुनी गोष्ट सांगते. पाच वर्षांचा असताना तू घरी आलास, ओठ घट्ट मिटलेले. तू खरा व्हल्कन नाहीस म्हणून पोरांनी छळलं होतं. आतून तू रडत होतास हे मला कळत होतं, आणि मीही रडले. बस्स, इतकंच. तो प्रसंग पडद्यावर दाखवलेला नाही. आई सांगते आणि मुलगा निर्विकार चेहऱ्याने ऐकतो.

आता जरा त्या काळाकडे बघा. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर सोळा राज्यांत असे कायदे शिल्लक होते. १९६८मध्ये एका किशोरवयीनांच्या मासिकात एका मुलीचं पत्र छापून आलं. पत्र स्पॉकला लिहिलेलं होतं, नटाला नव्हे. तिची आई काळी, वडील गोरे. काळी मुलं तिला आपली मानत नव्हती आणि गोरीही नव्हती. तू अर्धा-अर्धा आहेस आणि त्यापायी तू सोसलं आहेस हे मला माहीत आहे, असं ती त्याला सांगत होती. मला कधी मित्र मिळणारच नाहीत, असं तिला वाटत होतं.

स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी तिला सविस्तर उत्तर दिलं. ते स्वतः बॉस्टनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबात वाढलेले. या उत्तरात त्यांनी काय केलं पाहा. त्यांनी स्पॉकचं बालपण रचलं. व्हल्कन मुलांत तो वेगळा पडला. सगळ्यांना आवडणं आणि खरोखर मोठं होणं यांतला फरक त्याने ओळखला. सगळे मला स्वीकारणार नाहीत, पण काही जण स्वीकारतील, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि स्वतःला घडवत गेला. यातलं बरंचसं कोणत्याच पटकथेत नव्हतं. चाहते जे करत होते तेच नटाने केलं, आणि तेही एका खऱ्या मुलीला आधार हवा होता म्हणून.

मी इंदूरला वाढलो. घरी मराठी, गल्लीत हिंदी. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला हसत आणि वर्गातली पोरं आमच्या हिंदीला. त्या मुलीच्या दुःखाशी याची बरोबरी अजिबात नाही. पण तिने पत्र त्या टोकदार कानांच्या माणसालाच का लिहिलं, हे मला समजावून सांगावं लागत नाही. आणि मराठी वाचकाला हे कुतूहल परकं कसं असेल? शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ही १९६७चीच. दोन घरांमध्ये अडकलेल्या कर्णाच्या मनात महाभारताने जी जागा मोकळी सोडली, तीच सावंतांनी भरली.

फोंटानाने पुढे १९७३च्या अॅनिमेशन मालिकेत हा विषय पुरा केला. १५ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, मुलांच्या वेळेत तो भाग लागला. मोठा स्पॉक भूतकाळात जाऊन सात वर्षांच्या स्वतःला भेटतो. पोराला इतर मुलं चिडवतात, तो एकटाच वाळवंटात निघून जातो आणि त्याचा पाळलेला म्हातारा प्राणी मागोमाग येतो. प्राणी विषबाधेने मरायला टेकतो. वेदना लांबवायच्या की त्याला शांतपणे जाऊ द्यायचं, हा निर्णय त्या सात वर्षांच्या मुलाला घ्यावा लागतो. तो जाऊ द्यायचं ठरवतो. लहान मुलांच्या कार्यक्रमात मरण आणायला धाडस लागतं, आणि तिने ते केलं.

नंतर चित्रपटांनी आणि नव्या मालिकांनी त्याला सावत्र भाऊ दिला, मानलेली बहीण दिली, आणि २००९मध्ये छळणारी पोरंही मोठ्या पडद्यावर आणली. चांगलं चित्रण आहे. तरी मला अमांडाचं सांगणंच जास्त लागतं. त्या दिवशी तिने पोराला जवळ घेतलं की नाही, हे १९६७चा तो भाग सांगत नाही. मी माझ्यापुरतं लिहून टाकलं आहे: घेतलं नसणार. दाराआड उभी राहिली असणार.