चिरबोटीचा गोतावळा

खरिपाच्या निंदणीत उपटून बांधावर टाकलेल्या तणात चिरबोटी हमखास असते. कुठे तिला रानपोपटीही म्हणतात. तिचं फुगीर कवच पोरं कपाळावर आपटून फट्‌कन फोडतात आणि आतलं पिवळं, पिकलं फळ तोंडात टाकतात. वाचकाने तिच्या गोतावळ्याच्या अभ्यासाला तिथूनच सुरुवात करावी.

हे कवच म्हणजे फुलाचा निदलपुंज. टोमॅटो-वांग्यात तो देठाशी टोपीसारखा राहतो. इथे मात्र वाढत वाढत फळाला पुरतं झाकतो. लिनीयसने १७५३ मध्ये या प्रजातीला दिलेलं फायसॅलिस हे नाव फुगलेल्या पिशवीवरूनच आलं. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात असल्या कवचांचे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत, शिरांच्या जाळीसकट.

आज या प्रजातीच्या बहुतेक जाती मेक्सिकोत आढळतात. मध्य मेक्सिकोच्या बाजारात ‘तोमाते’ मागितलं, तर कवचातलं हिरवं, चिकट फळ हातावर पडतं. लाल टोमॅटो तिथे ‘हितोमाते’. हिरवं फळ भाजून किंवा उकडून मिरचीबरोबर वाटलं की साल्सा व्हेर्दे तयार. त्याची लागवड होतेच, पण मका, घेवडा आणि भोपळ्याच्या मिश्र शेतात आपोआप उगवलेलं रोपही शेतकरी निंदताना राखून ठेवतात. आपण त्या रोपाच्या बहिणीला, चिरबोटीला, उपटतो; ते त्याला जपतात. मला या विषयाचा गाभा इथेच दिसतो: तण कोणतं आणि पीक कोणतं, हे पुष्कळदा निंदणारा हात ठरवतो.

फळविक्रेत्याकडची रसभरीही याच गोतावळ्यातली, मूळ अँडीज पर्वतातली. कोलंबियात ती ‘उचुवा’. उत्तर अमेरिकेतली ग्राउंड चेरी पिकली की कवचासकट खाली पडते, म्हणून ती तोडायची नसते, वेचायची असते. (कच्ची मात्र खाऊ नये.) २०१८ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ झॅकरी लिपमन आणि सहकाऱ्यांनी जनुकसंपादनाने तिचं फळ मोठं करून दाखवलं. शेकडो पिढ्यांचं निवडीचं काम असं लवकर उरकता येईल, ही आशा मलाही वाटते. पण निवडायला रानातलं वाण शिल्लक हवं.

नव्या अभ्यासकाला एक विनंती. फुलाच्या घशातल्या डागांचा आणि परागकोशांचा रंग ताजेपणीच वहीत टिपून घ्या. वाळलेल्या नमुन्यात तो उडतो, आणि मग फायसॅलिस मिनिमा कोणती, फायसॅलिस अँग्युलाटा कोणती, यात भले भले चुकतात. शेजारी कुणी बाई निंदत असतील, तर त्यांना झाडाचं नावही विचारून घ्या.