ॲसिटिक अम्ल आणि महाडचा रसायन उद्योग

ॲसिटिक अम्ल (एथॅनॉइक अम्ल) : एक साधे कार्बनी अम्ल. त्याच्या रेणूत कार्बनाचे २, हायड्रोजनाचे ४ व ऑक्सिजनाचे २ अणू असतात. व्हिनेगराची (शिरक्याची) आंबट चव व उग्र वास या अम्लामुळे येतात. व्हिनेगरात त्याचे प्रमाण सामान्यतः ४ ते ८ टक्के असते. शुद्ध अम्ल रंगहीन असून ते १६·६° से. तापमानास गोठते व सु. ११८° से. तापमानास उकळते. गोठल्यावर ते बर्फासारखे दिसते, म्हणून निर्जल अम्लास ‘ग्लेशियल’ (हिमसदृश) असे म्हणतात. खनिज अम्लांच्या तुलनेने ते दुर्बल आहे. तथापि संहत (पाण्याचे प्रमाण कमी असलेले) अम्ल त्वचेवर पडल्यास फोड येतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड औद्योगिक क्षेत्रात या अम्लाचे प्रथम उत्पादन व पुढे मुख्यतः वापर होत गेला. कच्चा माल बदलला की उद्योगाचे स्वरूप कसे बदलते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वेतिहास : माडी उघडी राहिली की ती आंबते, हे कोकणात पूर्वापार माहीत आहे. गोव्यात माडीपासून व्हिनेगर करण्याची जुनी परंपरा आहे. या क्रियेत प्रथम यीस्टमुळे साखरेचे अल्कोहॉल होते व नंतर ॲसिटोबॅक्टर वंशातील सूक्ष्मजंतू हवेतील ऑक्सिजनाच्या साहाय्याने अल्कोहॉलाचे अम्ल बनवितात. या क्रियेतील सूक्ष्मजंतूंचे कार्य लूई पाश्चर यांनी १८६४ मध्ये विशद केले. त्यापूर्वी १८४५ मध्ये हेरमान कोल्बे यांनी हे अम्ल अकार्बनी पदार्थांपासून संश्लेषणाने तयार केले होते. कार्बनी संयुगे बनविण्यास जीवशक्ती आवश्यक असते, हा समज दूर होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनाने (हवेच्या अभावी तापवून घटक वेगळे करण्याच्या क्रियेने) आणि विसाव्या शतकात ॲसिटिलीन व एथिलीन या वायूंपासूनही ते मिळविण्यात येऊ लागले.

मळीपासून अम्ल : महाराष्ट्रात या उद्योगाला आधार मिळाला तो उसाचा. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढील दशकांत देशावर साखर कारखाने वाढले. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या दाट, काळपट मळीपासून किण्वनाने (आंबवण्याच्या क्रियेने) अल्कोहॉल मिळते. त्याची वाफ तप्त उत्प्रेरकावरून (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थावरून) नेली असता ॲसिटाल्डिहाइड तयार होते व त्याचे हवेने ऑक्सिडीकरण केल्यास ॲसिटिक अम्ल मिळते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीने महाड येथे आरंभी ॲसिटाल्डिहाइड व ॲसिटिक अम्ल यांचेच उत्पादन हाती घेतले. देशावरच्या उसाचा अवशेष अशा रीतीने सह्याद्रीच्या पायथ्याशी रसायनांचा मूळ स्रोत ठरला.

मार्गांतर : दरम्यान जगात दुसरी पद्धत पुढे आली होती. मोन्सँटो या अमेरिकन कंपनीने १९७० मध्ये ऱ्होडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून थेट अम्ल बनविण्याचा कारखाना सुरू केला. १९९६ मध्ये बी.पी. कंपनीने इरिडियमावर आधारलेली सुधारित पद्धत जाहीर केली. एक टन अम्लासाठी सिद्धांततः ०·७७ टन अल्कोहॉल लागते. नव्या पद्धतीत ०·५३ टन मिथेनॉल व ०·४७ टन कार्बन मोनॉक्साइड पुरतात आणि ही दोन्ही द्रव्ये नैसर्गिक वायू किंवा दगडी कोळसा यांपासून विपुल मिळतात. भारतात भडोच येथे या पद्धतीने उत्पादन होते. तथापि देशाची बरीचशी गरज आयातीने भागते. इकडे १९९३ मध्ये मळीवरील नियंत्रण उठले आणि २००३ पासून पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हे मिश्रण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. रसायन उद्योगाला हवे असलेले अल्कोहॉल यामुळे इंधनासाठीही मागितले जाऊ लागले.

परिणामी महाड हे अम्ल बनविणारे ठिकाण न राहता मुख्यतः ते वापरणारे ठिकाण झाले. तेथील प्रमुख उत्पादन एथिल ॲसिटेट हे आहे. त्याच्या एका टनासाठी सिद्धांततः ०·६८ टन अम्ल व ०·५२ टन अल्कोहॉल लागते. छपाईची शाई, वेष्टने, रंगलेप व औषधे यांच्या उद्योगांत ते विद्रावक म्हणून वापरतात. म्हणजे उसाचा संबंध सुटला नाही. मात्र अम्लाचा अर्धा भाग परदेशी बाजारभावावर अवलंबून राहिला. अम्ल उच्च तापमानास तापवून मिळणाऱ्या कीटीनापासून डायकिटीन व त्यापासून रंगद्रव्ये आणि औषधे यांची मध्यस्थ संयुगे बनतात. या कंपनीने २०१० मध्ये क्लॅरियंट कंपनीचा डायकिटीन व्यवसाय घेतला. अम्ल विकण्यापेक्षा त्यापासून अधिक मोलाचे पदार्थ करण्याकडे उद्योगाचा कल झाला, तो या परिस्थितीमुळेच.

अम्ल व नदी : सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे येते व बाणकोटजवळ समुद्रास मिळते. पावसाळ्यात तिला मोठे पूर येतात (जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले होते). उन्हाळ्यात मात्र पात्र रोडावते. ॲसिटिक अम्ल सूक्ष्मजंतूंकडून सहज नाश पावते, म्हणून ते निरुपद्रवी समजले जाण्याचा संभव असतो. परंतु त्या क्रियेत १ किग्रॅ. अम्लामागे १·०७ किग्रॅ. ऑक्सिजन खर्च होतो. २५° से. तापमानास १ लिटर पाण्यात सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एवढे अम्ल सु. १·३ लाख लिटर पाण्यातील ऑक्सिजन संपविण्यास पुरेसे ठरते. माशांच्या दृष्टीने अपाय होतो तो यामुळे. महाड औद्योगिक क्षेत्रासाठी सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रांत हीच जैव क्रिया टाकीत, हवा पुरवून, घडवून आणतात. माडीचे व्हिनेगर व अल्कोहॉलासाठी मळीचे किण्वन ज्या सूक्ष्मजंतूंच्या वर्गावर अवलंबून आहे, त्याच वर्गावर अखेरीस नदीची शुद्धताही अवलंबून राहते. आणि त्यांना पुरेसा काळ व हवा देणे हे उद्योगाचे कर्तव्य ठरते.