शुक्रवारचा रविवार

तुम्ही दोह्यात, शारजात किंवा मस्कतला काही वर्षं काढली असतील, तर एक गोष्ट तुमच्या अंगवळणी पडली असेल: आठवड्याचा हिशेब तिथे शुक्रवारपासून चालतो. कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी सगळे कामावर हजर. तिथल्या कॅथलिक मंडळींनी या वेळापत्रकाशी कधीच जुळवून घेतलंय. रविवारची मिस्सा ते शुक्रवारी करतात. वाचनं रविवारची, गर्दी रविवारची, प्रवचनानंतरच्या सूचनाही रविवारच्याच, फक्त वार वेगळा.

मात्र ईस्टरच्या आठवड्यात ही सोय उलटते. गुड फ्रायडे नावाप्रमाणे शुक्रवारीच येणार, म्हणजे दरवर्षी हक्काची सुट्टी. पण वर्षभरात ज्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही, तो नेमका हा दिवस! वाचनं, क्रुसाची भक्ती आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेला प्रसाद, एवढाच विधी. आणि ज्या दिवसासाठी चाळीस दिवस उपवास धरला, तो ईस्टर येतो रविवारी, कामाच्या दिवशी. उपासाला सुट्टी आणि सणाला हजेरी. म्हणून आखातात खरा ईस्टर शनिवारी रात्रीच उरकतो. अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावरून हजारो छोट्या मेणबत्त्या पेटतात आणि चाळीस दिवस गप्प ठेवलेला 'आलेलुया' पुन्हा गायला जातो.

हे सगळं आज दोह्यात एका खऱ्याखुऱ्या चर्चमध्ये होतं, आणि त्या चर्चचा जन्मही ईस्टरच्याच तोंडावरचा आहे. 'अवर लेडी ऑफ द रोझरी' हे कतारमधलं पहिलं कॅथलिक चर्च मार्च 2008 मध्ये उघडलं, झावळ्यांच्या रविवारच्या अगदी आधी. त्या वर्षी ईस्टर 23 मार्चला होता. इतक्या लवकर तो त्याआधी 1913 साली आला होता आणि यापुढे 2160 साली येईल. चर्च वेळेत उभं राहिलं म्हणायचं!

त्याआधी अनेक वर्षं कतारमधली उपासना खासगी घरांत आणि तात्पुरत्या जागांत चाले. 2002 साली कतार आणि व्हॅटिकन यांच्यात राजनैतिक संबंध जुळले. 2003 साली जनमताने मंजूर झालेल्या संविधानाच्या 50व्या कलमात कायद्याच्या चौकटीत उपासनेचं स्वातंत्र्य आलं. त्या वेळचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी शहराबाहेरची वाळवंटातली जमीन दिली. बांधकामाचा पैसा अरबी द्वीपकल्पातल्या कॅथलिकांच्या देणग्यांतून आला. स्थानिक वर्तमानपत्रांत वाद झाला. कुणी म्हणालं, आधी लोकांचं मत घ्या. पण कतार विद्यापीठातल्या शरिया विभागाचे माजी प्रमुख अब्दुल हमीद अल-अन्सारी यांनी चर्चच्या बाजूने लिहिलं, याची नोंद घ्यायलाच हवी.

उद्घाटनाला रोमहून कोण आलं? कार्डिनल आयव्हन डायस. मूळ गोव्याच्या घराण्यातले, जन्म 1936 सालचा, वांद्र्याचा. दहा वर्षं मुंबईचे आर्चबिशप आणि तेव्हा रोममध्ये धर्मप्रसार खात्याचे प्रमुख. समोरच्या गर्दीत मुंबई, वसई, गोवा, मंगळूरची माणसं होती, केरळची आणि फिलिपिन्सची तर होतीच. वाळवंटातल्या पहिल्या चर्चला आशीर्वाद द्यायला वांद्र्याचा माणूस यावा, याचं आपल्याकडे फारसं कौतुक झालं नाही. व्हायला हवं होतं.

या चर्चवर बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा नाही. वसईच्या माणसाला हे फार जाणवतं. त्याच्याकडे गावाच्या वेशीवर क्रूस, विहिरीकाठी क्रूस, वाडीच्या तोंडाशी क्रूस, आणि घंटेवर गावाचं घड्याळ. काही जण या नसलेल्या क्रुसाकडे अपमान म्हणून बघतात. मला ते पटत नाही, पण ही नुसती सोय आहे असंही म्हणवत नाही. यजमानाने घातलेली ती अट आहे, आणि अटीवर मिळालेली जागा आपल्या इतिहासाला नवी नाही. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांशी झालेल्या तहात मागे राहणाऱ्या कॅथलिकांसाठी पाच चर्च राखली गेली: तीन वसई शहरात, एक आसपासच्या मुलखात, एक साष्टीत. किल्ल्यातली राजसत्ता गेली, पण पाचांच्या आधारावर गावं टिकली. वसईत आज स्वतंत्र धर्मप्रांत आहे, 1998 पासून.

आता आणखी मागे चला. कारण 'कतारमधलं पहिलं चर्च' हे वाक्य आपण आजच्या देशापुरतं म्हणतो. सातव्या शतकात हा किनारा, म्हणजे कतार, बहरीन आणि समोरचा अरबी काठ मिळून, सुरियानी भाषेत 'बेथ कत्राये' म्हणून ओळखला जाई. तिथे पौर्वात्य चर्चचे बिशप होते, मठ होते. तिथले बिशप वरिष्ठांशी भांडलेही, आम्हांला तुमची सत्ता मान्य नाही म्हणून. अखेर 676 साली प्रमुख धर्मगुरू पहिले गिवर्गीस स्वतः आले आणि दारीन बेटावर सभा भरवून समेट केला. याच मुलखात जन्मलेला एक संन्यासी, इसहाक, याला त्यांनी निनवेचा बिशप केलं. पाच महिन्यांत त्याने पद सोडलं आणि डोंगरात एकांत पत्करला. त्याचं लेखन पुढे ग्रीक, अरबी, रशियन भाषांत गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या इसहाकाचं नाव रोमन संतमालिकेत घेत असल्याचं जाहीर केलं. दोह्यात मिस्सेला उभा राहणारा कुर्ल्याचा इलेक्ट्रिशियन ज्या मातीवर उभा आहे, ती त्या संताची.

आणि यात कल्याणही आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की भारतात 'कल्लियाना' इथे एक बिशप असून त्याची नेमणूक पर्शियातून होते. बरेच अभ्यासक हे आपलं उल्हास खाडीवरचं कल्याण मानतात. काहींना ते दक्षिणेतलं बंदर वाटतं. ते कल्याण असेल, तर विचार करा: त्या काळी धर्मगुरू आखाताच्या वाटेने गलबतात बसून कोकण किनाऱ्याला उतरत होता. आज कल्याणचा माणूस विमानात बसून त्याच आखाताकडे जातो आणि तिथे त्याला मिस्सा मिळते. फेरी उलटी झाली, इतकंच. गंमत म्हणजे त्या सुरियानी परंपरेशी नातं सांगणाऱ्या सिरो-मलबार कॅथलिकांचा धर्मप्रांत 1988 पासून कल्याणच्याच नावाने आहे, आणि दोह्याच्या त्याच प्रार्थना-संकुलात त्यांचंही चर्च आहे.

इतकं असून दोह्याचं धर्मग्राम मुळात पाहुण्यांचं आहे. व्हिसा संपला की गायक गेला, वाचक गेला, मुलांना धर्मशिक्षण देणारी बाई गेली. वसईत पणजोबांच्या नावाने बाक असतो. इथे पाच वर्षांत पूर्ण बाक बदलतो. मिस्सा इंग्रजी, मल्याळम, कोंकणी, तागालोग अशा अनेक भाषांत होते. मराठी घरातला कॅथलिक सहसा कोंकणीत किंवा इंग्रजीत सामावतो. वास्तविक थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं ते आपल्याच ओवीत, आणि ते चर्चमध्ये गायलंही जाई. पण परमुलखात संख्याबळ लागतं, ओवी पुरत नाही.

2020 चा ईस्टर मात्र कुणाच्याच भाषेत झाला नाही. कोविडमुळे दारं बंद होती. मिस्सा आली ती मोबाइलच्या पडद्यावर. कतार, बहरीन, कुवेत आणि सौदी अरेबिया ज्यांच्याकडे होते, ते बिशप कामिलो बालिन आजारी होते. बहरीनमध्ये अवालीला ते मोठं कॅथेड्रल उभारत होते. 12 एप्रिलला, ईस्टरच्याच दिवशी, रोममध्ये ते वारले. कॅथेड्रल डिसेंबर 2021 मध्ये पुरं झालं.

यंदा तुमच्या ओळखीचं कुणी दोह्यात असेल, तर ईस्टरच्या शुभेच्छांचा फोन रविवारी सकाळी करू नका. तेव्हा ते कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत असतील. शनिवारी रात्री उशिरा करा. मेणबत्ती विझवून, गाडी शोधत, पार्किंगमधल्या गर्दीतून वाट काढत असतील, तेव्हा.