मृदा दृढीकरण

मृदा दृढीकरण म्हणजे भाराखाली दबलेल्या संपृक्त चिकणमातीतून पाणी सावकाश बाहेर पडून तिचा थर खचण्याची क्रिया होय. तिचा सिद्धान्त कार्ल टेर्झागी (१८८३–१९६३) यांनी मांडला. त्यांचा मृदा यांत्रिकीवरील पायाभूत ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. ही संकल्पना केवळ व्याख्या पाठ करून उमगत नाही, प्रत्यक्ष जागेचे उदाहरण सोडवावे लागते.

वांद्र्याची जमीन

मिठी नदी व माहीमची खाडी यांच्या काठचा वांद्र्याचा भाग पूर्वी सखल आणि दलदलीचा होता. अशाच जमिनीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल वसविण्यात आले. अशा ठिकाणी भरावाखाली मऊ, काळसर सागरी चिकणमाती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक असा क्रम सामान्यतः आढळतो.

नमुना उदाहरण

पुढील आकडे केवळ अभ्यासासाठी गृहीत धरले आहेत. ८ मीटर जाडीच्या चिकणमातीवर २ मीटर भराव घातला. भरावाचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरल्यास वाढीव भार चौरस मीटरला ३६ किलोन्यूटन होतो. आकारमान-संपीड्यता गुणांक ०.०००८ चौरस मीटर प्रति किलोन्यूटन घेतल्यास एकूण खचणे ०.०००८ × ३६ × ८, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर येते.

खरी कसोटी काळाची आहे. दृढीकरण गुणांक वर्षाला १ चौरस मीटर असेल आणि पाणी वर व खाली दोन्हीकडून निघत असेल, तर निचऱ्याचे अंतर ४ मीटर धरतात. ९० टक्के खचण्यास ०.८४८ × ४² = सुमारे १३.६ वर्षे लागतात. खालचा थर पाणी जाऊ देत नसेल, तर अंतर ८ मीटर होते आणि काळ ५४ वर्षांवर जातो. अंतर दुप्पट, काळ चौपट! विद्यार्थी बहुधा येथेच चुकतात. खालचा मुरूम झिरपणारा आहे की नाही, हे सूत्रातून नव्हे, विंधन छिद्रातील नमुन्यांवरून ठरते. भरावापूर्वी मातीत जवळजवळ उभे निचरे बसविल्यास पाण्याला आडवी, आखूड वाट मिळते व हाच काळ पुष्कळ कमी होतो.

बांधकामावरील परिणाम

खडकापर्यंत नेलेल्या स्थूणांवर उभी असलेली इमारत फारशी खचत नाही, मात्र तिच्याभोवतीचे अंगण, रस्ता व गटारे खचत राहतात. त्यामुळे प्रवेशद्वाराशी पायरी पडते, जलवाहिन्यांचे सांधे निखळतात. शिवाय खचणारी माती स्थूणांना चिकटून त्यांना खाली ओढते. हा जादा भार पायाच्या आराखड्यात स्वतंत्रपणे धरावा लागतो.