बी. ए. नसलेल्यांचे राज्य

'नॉन-मॅट्रिक' हा शब्द आमच्या लहानपणी घरोघर ऐकू येई, आणि तो ज्याला लागे तो मनुष्य जेवणाच्या पंगतीतही जरा मागेच बसे. माणसाची ओळख त्याला काय येत नाही यावरून करून देण्याची ही तऱ्हा मला तेव्हापासून चमत्कारिक वाटत आली आहे.

शब्दाचे वय तसे फार नाही. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग याने ठराव केला, की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यास अग्रक्रम द्यावा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले चार बी. ए. बाहेर पडले. आता चौघांनी काही इलाख्याचा कारभार चालत नाही. तो चालवीत होते मोडी लिहिणारे, जमाबंदी जाणणारे, वर्षानुवर्षे बिनपगारी उमेदवारी करून तयार झालेले कारकून. मराठी शाळेतून मुलकी परीक्षा झालेला मनुष्य तलाठी होई किंवा मास्तर होई आणि गावात मान मिळवी. पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, कचेरीत नोकरी करता करता वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

पण म्हणून त्या उमेदवारीचे गोडवे मी गाणार नाही. कचेरीत शिरावयाला आत मामा नाहीतर काका असावा लागे. परीक्षा निदान मामाचे नाव विचारीत नव्हती! मात्र परीक्षेपर्यंत पोचणार कोण? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच दुखणे मांडले: सारा भरतो शेतकरी, त्या पैशावर उच्च शिक्षण घेऊन नोकऱ्या पटकावतात वरचे लोक, आणि शेतकऱ्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा नाही. १९०२ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, त्यामागे हाच हिशेब होता. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, काही क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत करू, असे वाक्य आले. फारकतीचे कागद अजून पुरे झालेले दिसत नाहीत.

मला या सगळ्यात जवळचे वाटतात ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकला शिकावयास मुंबईला गेले, तर रंग नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींचे दुकान काढले. १९१० साली औंध संस्थानात माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इंजिनिअर झाले, आणि तुरुंगातून सुटून आलेली माणसे कारखान्याचा पहारा करू लागली. लक्ष्मणरावांना माणसाचा हात पाहावयाची सवय होती. कागद ते फारसे पाहत नसत.

त्यांचा लोखंडी नांगर मात्र सुरुवातीला कोणी घेईना. सर्टिफिकेटाचा प्रश्न तेथे नव्हताच. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती निघावयास दोन वर्षे लागली.