पक्का रंग आणि टिटॅनियम डायऑक्साइड

‘पक्का रंग’ हा शब्दप्रयोग मराठीत प्रशंसावाचक आहे. उन्हात विटत नाही व धुण्यात उतरत नाही, तो रंग पक्का. इतर सारे कच्चे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन ह्याने अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग सिद्ध केला आणि हा पक्केपणा रसायनशाळेत घडू लागला. परंतु जो रंग वस्त्रावर टिकतो तो नदीतही टिकतो, हा ह्या यशाचाच दुसरा अर्थ होय.

सीबीडी बेलापूरच्या परिसरास हा दुसरा अर्थ अपरिचित नाही. जवळच्याच तळोजे औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये भटकी कुत्री निळी झालेली आढळली, आणि त्या निमित्ताने कसाडी नदीच्या प्रदूषणाची चर्चा झाली.

अशा पाण्यातील रंग नष्ट करण्यासाठी ज्या द्रव्याचा आज अभ्यास होतो, ते टिटॅनियम डायऑक्साइड स्वतः एक रंगद्रव्यच आहे. पांढऱ्या रंगलेपात ते सर्वत्र वापरतात. त्याची प्रथम ओळख झाली ती दोष म्हणून: असा लेप उन्हात खडूप्रमाणे भुसभुशीत होई. १९३८ मध्ये गुडीव्ह व किचनर ह्यांनी दाखविले की, अतिनील किरणांत हे चूर्ण रंग विटविते, पण स्वतः बदलत नाही. पुढे १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा ह्यांनी ह्याच द्रव्याच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन घडविले आणि संशोधनास वेग आला.

प्रकाश शोषताच ह्या द्रव्याच्या पृष्ठभागावर पाणी व ऑक्सिजन ह्यांपासून तीव्र मूलके निर्माण होतात व ती रंगाचा रेणू तोडतात. क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने कण जितके सूक्ष्म तितके बरे. १,००० नॅनोमीटरच्या कणांऐवजी १० नॅनोमीटरचे कण घेतल्यास तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग शंभरपट होतो. त्यासाठी टिटॅनियमच्या अल्कॉक्साइडवर पाण्याची क्रिया करून मिळालेला लगदा वाळवितात आणि सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवितात; त्यातून ‘अ‍ॅनाटेज’ स्फटिक मिळतात.

मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. अ‍ॅनाटेजला सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाश लागतो, आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा अल्प असतो. शिवाय गडद पाणी स्वतःच प्रकाश अडविते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रेणूचे रंगहीन तुकडे पाण्यात उरू शकतात आणि ते अपायकारकही असू शकतात. म्हणून ‘रंग गेला’ आणि ‘पाणी शुद्ध झाले’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिल्यास डोळे साक्षी आहेत. दुसऱ्यास रासायनिक परीक्षणच साक्षी असावे लागते.